बेकरीच्या काचेतला जावई

कराड
६ एप्रिल २००९

चि. सौ. निशीस आशीर्वाद.

तुझी तिसरी डीव्हीडी शनिवारी पोचली. पाकीट कुठे फाटलं नव्हतं, डिंकही मूळचाच होता. बघून घेतलं.

आता मुद्द्यावर येतो. पहिल्या डीव्हीडीत फ्रँकफर्टच्या मंडळाची दिवाळी, दुसरीत तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांचं गाणं, तिसरीत बाजारातला एक बेकरीवाला वीस मिनिटं पाव दाखवतोय. तिन्ही मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितल्या. एकीतही तू नाहीस. दिवाळीत गौरांगराव आहेत. एकटेच. हातात कागदी ताटली, नजर जमिनीवर. बायको असलेला माणूस दिवाळीत असा उभा राहतो होय?

तू लिहितेस, "मी कॅमेऱ्यामागे असते, बाबा." असशीलही. पण कॅमेऱ्यामागे कोण आहे ते कॅमेऱ्यात दिसत नाही, हीच तर गोम आहे. एकतीस वर्षं एस.टी.च्या मार्गतपासणी पथकात काढली मी. कंडक्टर म्हणायचा, "साहेब, शेवटच्या सीटवरच्या बाईचं तिकीट फाडलंय, ती आत्ताच मागच्या थांब्याला उतरली." उतरलेली बाई कुणी पाहिलीय?

फोन का करत नाही म्हणून तुझी आई रोज माझं डोकं खाते. फोनवर माणूस हसून बोलतो आणि तोंड रडवेलं असतं, ते इकडे कळत नाही. कागदावर निदान खाडाखोड तरी दिसते.

तेव्हा दोघांचा एकत्र फोटो पाठव. ताजा. आणि हे टीव्हीचं स्टेशन कुणाचं, तिथे कोण कोण असतं, पगार का देत नाहीत, ते सविस्तर लिही. फुकट राबवून घेणारा माणूस भला असलेला मी तरी अजून पाहिलेला नाही.

आई म्हणते, तब्येत बरी आहे म्हणून लिहा. बरी आहे.

बाबा

०००

कायझर्सलाउटर्नजवळून
२० एप्रिल २००९

ती. बाबांना आणि आईला नमस्कार.

बाबा, तुम्ही धन्य आहात! डिंक तपासलात? आईला विचारा, मी पोटात असताना तिचीही तिकिटं तपासली होतीत का.

आता सविस्तर ऐका. इथे गावोगावी 'ऑफनर कनाल' असतात. म्हणजे सगळ्यांसाठी उघडं टीव्ही चॅनल. गावातला कुणीही उठून तिथे जाऊ शकतो, कॅमेरा शिकू शकतो, कॅमेरा घरी नेऊ शकतो आणि स्वतःचा कार्यक्रम दाखवू शकतो. केबलवर लागतो. बघतं कोण? खरं सांगू, ज्याचा कार्यक्रम असतो त्याची बायको आणि शेजारीण. पण लागतो! पगार कुणालाच नाही. लिंडनरबाई म्हणून एक प्रमुख आहेत, तेवढ्या पगारी. बाकी सगळे हौशी. एक निवृत्त पोस्टमन दर महिन्याला आपल्या बागेतल्या भोपळ्यांवर कार्यक्रम करतो. दोन वर्षं करतोय, भोपळे संपत नाहीत.

माझ्या व्हिसावर काम शोधणं किती अवघड आहे ते तुम्हाला माहीत आहे. स्टुटगार्टहून इथे आलो तेव्हा मला कुत्रंही ओळखत नव्हतं. आता मी बाजारातून गेले की बेकरीवाला हाक मारतो, "फ्राऊ कॅमेरा!" म्हणजे कॅमेराबाई. तिपाई लावायची, पांढरा कागद समोर धरून कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते शिकवायचं, मग एक डोळा मिटायचा. बाबा, त्या चौकटीतून बघताना मला कुणी "तू कुठली, परत कधी जाणार" असं विचारत नाही. मला फार बरं वाटतं तिथे.

आणि कॅमेरा माझ्या हातात असेल तर मी त्यात दिसणार कशी? सांगा बघू.

गौरांगला ऑफिसातून मान वर करायला वेळ नाही. नवीन कंपनी, नवीन साहेब. तो तर स्टेशनवर एकदाही फिरकलेला नाही. म्हणून एकत्र फोटोही राहून जातो. पाठवते लवकरच.

तिसऱ्या डीव्हीडीत कापाकापी केलेली नाही. कच्चीच कॅसेट उतरवून पाठवली, आईला बाजार बघायला आवडतो म्हणून. कोपऱ्यात आकडे येतात तिकडे लक्ष देऊ नका.

तुमची
निशी

०००

कराड
११ मे २००९

चि. निशीस,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी दोन गोष्टी.

एक. तुझं पत्र यायच्या आधीच मी तुमच्या त्या स्टेशनला इंग्रजीत पत्र टाकलं होतं. पत्ता डीव्हीडीच्या खोक्यावर होता. "माझी मुलगी निशिगंधा आपल्याकडे काम करते काय, ती सुखरूप आहे काय, कृपया कळवावे." परवा उत्तर आलं, जर्मनमध्ये. आपल्या शेजारच्या नागेशची मुलगी कादंबरी पुण्यात जर्मन शिकते, तिच्याकडून वाचून घेतलं. काय लिहिलंय? "आमच्याकडे येणाऱ्या कोणत्याही व्यक्तीबद्दल आम्ही माहिती देऊ शकत नाही." बस्स! आहे असंही नाही, नाही असंही नाही. कादंबरीला तीनदा वाचायला लावलं. बाप विचारतोय आणि हे सांगणार नाहीत? पाणी मुरतंय, निशी. सरळ माणूस सरळ उत्तर देतो.

दोन. तुझं पत्र वाचून मी बेकरीवाल्याची डीव्हीडी पुन्हा लावली. पॉज करून करून प्लेअर तापला. तुझी आई म्हणाली, आता त्यावरच पोळी भाजते. पण सापडलं. बेकरीवाला पाव मोडून दाखवतो तेव्हा मागच्या काचेत माणूस दिसतो. काठीला माईक बांधून धरलाय. दाढी वाढलेली. ते गौरांगराव आहेत. एकदाही न फिरकलेले गौरांगराव!

आणि कोपऱ्यातले आकडे. लक्ष देऊ नका म्हणालीस म्हणून आधी तिकडेच लक्ष दिलं. १८ मार्च, दहा वाजून बेचाळीस मिनिटं. कॅलेंडर काढून बघितलं, बुधवार. बुधवारी पावणेअकराला मान वर करायला वेळ नसलेला इंजिनियर बाजारात काय करतो?

मला कळलंय तो काय करतो. तो तुझ्यावर पाळत ठेवतो. तुला एकटीला बाहेर सोडत नाही. रजा टाकून बायकोच्या मागे हिंडतो. म्हणूनच तू खोटं लिहिलंस, त्याच्या समोर बसून लिहिलं असशील. असली माणसं मी गाडीत पुष्कळ पाहिली. बायकोचं तिकीट स्वतःच्या खिशात ठेवतात आणि तिला खिडकीकडे ढकलतात.

तू भिऊ नकोस. मी त्याच्या कंपनीच्या साहेबाला लिहिणार आहे. कामाच्या वेळेत माणूस कुठे असतो, ते त्यांना कळायलाच हवं.

आशीर्वाद आहेतच.

बाबा

०००

२३ मे २००९

ती. बाबा,

तुमचं पत्र वाचून तशीच लिहायला बसले, म्हणून अक्षर असं आलंय. खाडाखोडीचा अर्थ लावत बसू नका.

कंपनीला पत्र लिहू नका. पाया पडते तुमच्या. इथे असलं पत्र गेलं की माणसाचं नाव कायमचं खराब होतं.

त्या बुधवारी त्याची रजा होती. जादा केलेल्या तासांची रजा मिळते इथे. घरी कंटाळला होता, मीच म्हटलं, चल, माईक धर. तुम्ही उगाच विचार करत बसाल म्हणून लिहिलं नाही. आता लिहून उपयोग काय, तुम्ही विचार केलाच!

आणि स्टेशनच्या उत्तरात काहीही मुरत नाही. इथे त्याला डाटेनशुट्झ म्हणतात. कुणाचीही माहिती कुणालाही द्यायची नाही असा कायदा आहे. बापाला नाही, नवऱ्याला नाही, शेजाऱ्याला तर नाहीच. उद्या मी हरवले तरी आधी फॉर्म भरावा लागेल.

पण तुमच्या पत्रानं इथे काय झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे का? लिंडनरबाईंनी मला चहाच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि हळूच विचारलं, "निशिगंधा, घरी सगळं ठीक आहे ना? तुझे वडील सात हजार किलोमीटरवरून विचारतात, मुलगी सुखरूप आहे का. वडील असं उगाच विचारत नाहीत." मी हसून सांगितलं, माझे वडील असेच आहेत. त्यांना ते खरं वाटलं नाही. जाताना त्यांनी माझ्या पिशवीत एक पत्रक सरकवलं. मारहाण होणाऱ्या बायकांसाठी मदत केंद्राचा फोन नंबर!

गौरांग मला न्यायला आला, दारात उभा होता. भोपळेवाला पोस्टमन, जो रोज त्याच्या खांद्यावर थाप मारायचा, तो त्याच्याकडे बघून बाजूला झाला. लिंडनरबाई त्याच्या हातांकडे बघत होत्या. घरी मी ते पत्रक पिशवीतून काढताना गौरांगनं पाहिलं. त्याला जर्मन माझ्याहून चांगलं येतं.

बाबा, ज्या माणसानं माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही, त्याच्या वाट्याला हे का?

निशी

०००

कराड
८ जून २००९

चि. निशीस,

पत्रकाबद्दल वाईट वाटलं. तसं व्हायला नको होतं.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला सोडत नाही. पोस्टमन गौरांगरावांच्या खांद्यावर "रोज" थाप मारायचा. रोज? न फिरकणाऱ्या माणसाच्या? एका बुधवारी रजा घेतलेल्या माणसाच्या?

दोन पत्रांत तू मला दोन गोष्टी सांगितल्यास आणि दोन्ही जुळत नाहीत. वेबिलावरचा तिकिटांचा हिशेब जुळत नसला की आम्ही कंडक्टरला गाडीतून खाली घ्यायचो आणि पहिल्यापासून विचारायचो.

तुझी आई म्हणाली, "तुम्हाला कुणी खरं सांगत नाही, कारण तुम्ही ऐकत नाही, तपासता." मी तिला म्हटलं, तू मध्ये पडू नकोस. ती दोन दिवस बोलली नाही. माझी चूक असेल तर असो. पोरगी परमुलखात आहे, मी झोपू कसा ते मला कुणीतरी सांगा.

कंपनीचं पत्र लिहून पाकिटात घातलंय. पंचवीस तारखेपर्यंत तुझ्या उत्तराची वाट बघतो. नंतर पेटीत टाकतो.

बाबा

०००

१७ जून २००९

बाबा,

पाठवा पत्र. खुशाल पाठवा. तिथे गौरांग नावाचं कुणी नाही. सोळा जानेवारीला त्यांनी त्याला काढलं.

गाड्यांची मागणी बसली, कंपनीनं आधी सगळ्यांचे तास कमी केले. मग जे नवे होते, ज्यांचे प्रोबेशनचे सहा महिने पुरे झाले नव्हते, त्यांना काढलं. गौरांगचे साडेचार झाले होते. दोन आठवड्यांची नोटीस, एक खोका, त्यात त्याचा मग आणि कॅल्क्युलेटर. आमच्या राहण्याच्या परवान्याची मुदत तीस सप्टेंबर. तोवर नोकरी मिळाली नाही तर आम्हाला जावं लागेल. पाच महिन्यांत त्र्याहत्तर अर्ज केलेत. उत्तरं सभ्य येतात, एवढंच.

फेब्रुवारीत तो सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरात बसायचा. नुसता बसायचा. मला भीती वाटायला लागली. म्हणून मीच त्याला ओढून स्टेशनवर नेलं. पहिल्या दिवशी त्यानं लांबच लांब केबल्सचा गुंता सोडवला. कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येकीला चिठ्ठी लावली, लांबी लिहिली, भिंतीवर खुंट्या ठोकून टांगल्या. लिंडनरबाई म्हणाल्या, हे काम अकरा वर्षं राहिलं होतं. त्या दिवशी तो जेवला पोटभर. मग रोज यायला लागला. माझ्यावर पाळत ठेवायला नाही, बाबा. त्याला दुसरीकडे जायला जागा नव्हती.

तुमच्या पत्रानंतर ती जागाही गेली. कुणी त्याला येऊ नको म्हणालं नाही. पण लोक बघायला लागले. चार दिवस गेला, पाचव्या दिवशी म्हणाला, "तू जा, मी आहे घरी." आता पुन्हा इस्त्रीचा शर्ट, पुन्हा स्वयंपाकघर.

तुम्ही विचाराल, मग मला आधीच का नाही सांगितलंस. विलासदादामुळे.

दादा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला नापास झाला आणि वर्षभर कॉलेजला जातो म्हणून डबा घेऊन बाहेर पडत राहिला. तुम्ही कॉलेजात जाऊन हजेरीपट बघून आलात. मग त्याची बॅग भरून स्टँडवर नेऊन ठेवलीत आणि म्हणालात, "खोटं बोलणाऱ्याला माझ्या गाडीत जागा नाही." मी अठरा वर्षांची होते. दाराआड उभी होते. अकरा वर्षं झाली. तुम्ही त्याच्या लग्नालाही गेला नाहीत.

गौरांगला मी हे लग्नाआधी सांगितलं होतं. काढल्याचं पत्र घेऊन तो घरी आला, तेव्हा पहिलं वाक्य काय बोलला माहीत आहे? पैशाचं नाही, परवान्याचं नाही. म्हणाला, "तुझ्या बाबांना कळू देऊ नकोस."

तुम्हाला शोधून काढायचं होतं ना? काढलंत. आता आम्हालाही खाली उतरवा.

निशी

०००

कराड
१२ जुलै २००९

निशी,

तुझं पत्र आलं त्याला अठरा दिवस झाले. रोज कागद घेऊन बसलो आणि रोज उठलो.

कंपनीचं पाकीट फाडलं. लिंडनरबाईंना दुसरं पत्र लिहिलं, कादंबरीकडून जर्मनमध्ये करून घेतलं. ते सोबत आहे. आधी गौरांगला वाचायला दे, त्याला पटलं तरच त्यांना दे. त्यात लिहिलंय की माझा जावई चांगला माणूस आहे, त्याच्याविषयी मला शंका यावी असं त्यानं कधी काही केलेलं नाही, जी शंका होती ती माझ्याच डोक्यातली. मी निवृत्त तिकीट तपासनीस आहे हेही घातलंय. कादंबरी म्हणाली, आजोबा, ते कशाला? मी म्हटलं, असू दे, म्हणजे त्या बाईंना कारण समजेल.

गौरांगला सांग, नोकरी जाणं हा गुन्हा नाही. तुम्हाला मला भिऊन राहावं लागलं, त्यात गुन्हा कुणाचा ते मला समजलंय. सप्टेंबरनंतर यावं लागलं तर सरळ इकडे या. मागची खोली रिकामीच आहे. अर्ज किती केले, उत्तर काय आलं, हे मी विचारणार नाही. विचारलंच तर आईला सांगायचं, ती बघून घेईल.

आता दुसरं.

मागच्या रविवारी आईला म्हटलं, इस्लामपूरला विलासकडे जाऊन येतो, चल. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी दर दोन महिन्यांनी जातेच." गुरुवारचं भजन म्हणून जी बाहेर पडायची, ती इस्लामपूरच्या गाडीत बसायची! अकरा वर्षं! माझ्या नाकाखाली! आणि मी साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत लोकांच्या पिशव्या उचकत फिरलो.

एकटाच गेलो. विलासचं पंपाच्या मोटारी रिवायंडिंगचं दुकान आहे, मागे दोन खोल्या. बसला होता तांब्याची तार गुंडाळत. केस पांढरे झालेत गं त्याचे, माझ्याआधी. मला बघून उठला नाही. म्हणाला, "या. काय तपासायचंय?"

मी म्हटलं, काही नाही रे. असाच आलो.

त्याची मुलगी अन्वी तिथेच खाली बसून अभ्यास करत होती. सात वर्षांची आहे. तिनं विचारलं, "पप्पा, हे कोण?" विलास तारेवरून नजर न काढता म्हणाला, "एस.टी.तले साहेब आहेत." एकतीस वर्षं सगळं जग मला साहेब म्हणत आलं, निशी. कधी लागलं नव्हतं.

सूनबाईंनी चहा दिला. प्यालो. तुझं पत्र खिशात होतं, ते काढलं नाही. निघायला उठलो, दारापर्यंत गेलो, चप्पल घातली. मग मागे वळलो आणि त्या पोरीला म्हटलं, "बाळ, मी साहेब नाही. मी तुझा आजोबा."

तिनं मला खालून वर नीट बघितलं. माझ्यावर विश्वास ठेवला नाही. बापाकडे वळून विचारलं, "पप्पा, हे खरं बोलतायत का?"

विलासचं तार गुंडाळणं थांबलं होतं. मी दारात उभा. बाहेर कुणीतरी मोटार घेऊन आलं, त्यालाही त्यानं हातानंच थांब म्हणून सांगितलं.

मग म्हणाला, "हो. खरं आहे."

तुझा
बाबा